श्रीलंकेची ओळख तळ्यापासून: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

श्रीलंकेविषयी नव्याने वाचायला घेणाऱ्याच्या हाती सहसा तीन निरनिराळी गाठोडी येतात. एकात राजे आणि स्तूप असतात, दुसऱ्यात सण आणि चालीरीती, तर तिसऱ्यात हत्ती, बिबटे आणि देवमासे. ही गाठोडी सुटी सुटी उघडली, तर माहिती पुष्कळ जमते, पण देश हाती लागत नाही. या बेटावर इतिहास, संस्कृती आणि वन्यजीवन एकाच ठिकाणी एकमेकांना भेटतात, आणि ते ठिकाण म्हणजे माणसाने बांध घालून अडवलेले तळे. सिंहली भाषेत त्याला ‘वॅव’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘वापी’वरून आला आहे. तेथील जुन्या वस्तीचे वर्णन वॅव, दागब, गम आणि पन्सल, म्हणजे तळे, स्तूप, गाव आणि विहार, या चार शब्दांत केले जाते. पुढे दिलेला क्रम या चार शब्दांतल्या पहिल्यावर उभा आहे, आणि नवख्याने तो शक्यतो मोडू नये.

पहिली पायरी: पावसाचा नकाशा

सुरुवातीला बेटाचा साधा नकाशा समोर घ्यावा. क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, मध्यभागापासून दक्षिणेकडे डोंगराळ प्रदेश, आणि त्यातले सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटरचे पिदुरुतलागल. या डोंगरांमुळे बेटाचे पावसाच्या दृष्टीने दोन भाग पडतात. मे ते सप्टेंबर या काळात येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे आपला पाऊस कोलंबो, गॉल, रत्नपुर या नैर्ऋत्येकडच्या पट्ट्यात आणि डोंगरांच्या पश्चिम उतारांवर रिकामा करतात. त्यामुळे या ‘ओल्या प्रदेशा’त वर्षाकाठी २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उरलेल्या मोठ्या भागाला ‘कोरडा प्रदेश’ म्हणतात. तेथील बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत येतो आणि त्यानंतर मे ते सप्टेंबर जमीन अक्षरशः तापत राहते.

नकाशावर पेन्सिलीने या दोन प्रदेशांची सीमा आखावी आणि मग अनुराधपुर व पोलोन्नरुवा ही दोन प्राचीन राजधानीची नगरे शोधावीत. दोन्ही कोरड्या प्रदेशात सापडतील. पाऊस भरपूर असलेला भाग सोडून, वर्षातले कित्येक महिने पाण्यासाठी आभाळाकडे पाहावे लागते अशा मैदानात पंधराशे वर्षे एक राज्य कसे टिकले, हा प्रश्न येथेच मनात उभा राहायला हवा. पुढचे सारे वाचन त्याच्या उत्तरासाठी आहे.

दुसरी पायरी: वॅव

या पायरीवर घाई करू नये. माझ्या मते श्रीलंकेचे खरे आश्चर्य सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकावरच्या प्राचीन नगरात नसून या बांधांच्या पोटात आहे. कोरड्या प्रदेशातल्या खेड्याचे तळे एकटे नसते. उताराच्या एकाच ओघळीवर एकाखाली एक अशी तळ्यांची माळ असते, तिला ‘एल्लंगाव’ म्हणतात. वरच्या तळ्यातून शेतीला दिलेले पाणी झिरपून, वाहून खालच्या तळ्यात येते आणि पुन्हा वापरले जाते. तळ्याच्या वरच्या कडेला ‘गस्गोम्मन’ नावाची झाडांची राई राखलेली असते. ती वारा अडवते, त्यामुळे बाष्पीभवन कमी होते, आणि जनावरांनाही आसरा मिळतो. बांधाच्या खाली आणि भातशेताच्या वर ‘कट्टकडुव’ नावाचा झाडाझुडपांचा पट्टा असतो, जो पाझरणाऱ्या पाण्यातले क्षार शेतात जाण्यापूर्वी शोषून घेतो. तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा छोटा खड्डाही असतो. या तळे-ग्राम व्यवस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली आहे.

राजांनी बांधलेली तळी मात्र वेगळ्याच आकाराची आहेत. पाणी इतके खोल साठवले की त्याचा दाब सोडताना बांध फोडून टाकू शकतो. यावर उपाय म्हणून तेथील स्थापत्यकारांनी ‘बिसोकोटुव’ शोधून काढला. बांधाच्या आतल्या बाजूला दगडी भिंतींचा चौकोनी कूप असे, तळ्यातले पाणी आधी त्यात येऊन त्याचा जोर मोडे आणि नंतर बांधाखालच्या दगडी नळातून ते शांतपणे बाहेर पडे. एकोणिसाव्या शतकात या बांधांचे काम पाहणारा ब्रिटिश अभियंता हेन्री पार्कर या रचनेचा अभ्यास करून थक्क झाला होता, कारण दोन हजार वर्षांपूर्वी ही अडचण कोणीतरी इतक्या नेमकेपणाने सोडवली होती.

पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाच्या नावावर असलेले कलावॅव आणि तेथून अनुराधपुरच्या तिसावॅवपर्यंत पाणी नेणारा ‘जयगंगा’ कालवा यांविषयी अवश्य वाचावे. हा कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांब आहे आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार दर किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. एका किलोमीटरमध्ये वीतभरही न उतरणारा प्रवाह आखण्यासाठी जमिनीची पातळी किती बारकाईने मोजावी लागली असेल, याचा विचार करत थोडा वेळ थांबावे. बाराव्या शतकात पोलोन्नरुवातून राज्य करणाऱ्या पहिल्या पराक्रमबाहूने ‘पराक्रम समुद्र’ हे विशाल तळे घडवले. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला मिळू नये, हा त्याचा निश्चय तेथील प्राचीन बखरीत नोंदलेला आहे.

तिसरी पायरी: कालक्रम

राजांची संपूर्ण यादी पाठ करण्यात नवख्याने वेळ घालवू नये. मोजके टप्पे पुरेत.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद मिहिंतलेच्या टेकडीवर आले आणि शिकारीला निघालेल्या देवानंपियतिस्स राजाची त्यांच्याशी भेट झाली, अशी परंपरा सांगते. पाठोपाठ त्यांची बहीण संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन आल्या. अनुराधपुरमधील ‘जय श्री महाबोधी’ हा तोच वृक्ष. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदलेल्या वृक्षांमध्ये तो जगात सर्वांत जुना मानला जातो. दुटुगेमुणू राजाचा रुवनवॅलिसाय स्तूप आणि महासेनाच्या काळातला जेतवनाराम स्तूप हे याच नगरातले. जेतवनारामाची मूळ उंची सुमारे १२२ मीटर होती, आणि तो संपूर्ण विटांचा आहे. याच महासेनाने मिन्नेरिया तळेही बांधले. स्तूप बांधणारा हात आणि बांध घालणारा हात एकच होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी, कारण तळ्याच्या खोदाईतली माती, विटा भाजण्याचे कसब आणि हजारो माणसांच्या श्रमांची आखणी दोन्ही कामांना सारखीच लागत असे.

कश्यप राजाने ४७७ ते ४९५ या अल्प काळात सिगिरियाच्या खडकावर आपले नगर वसवले. तेथे चढताना नजर भित्तिचित्रांकडेच जाते, पण खाली पायथ्याशी असलेली पाण्याची उद्याने आणि पावसाळ्यात आजही उसळणारी कारंजी चुकवू नयेत. वाटेवरच्या ‘आरसाभिंती’वर शतकानुशतके येणाऱ्या प्रवाशांनी कोरलेल्या सिंहली कविता आहेत आणि भाषेच्या अभ्यासकांना त्या चित्रांइतक्याच मोलाच्या वाटतात.

९९३ मध्ये चोळांच्या सैन्याने अनुराधपुर लुटले, पुढे १०१७ च्या सुमारास राजधानी पोलोन्नरुवाला गेली आणि १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने चोळांना हटवले. १२१५ मध्ये कलिंगातून आलेल्या माघाच्या आक्रमणानंतर हेही राज्य ढासळले. बांधांची निगा राखणारी व्यवस्था मोडली, तळी फुटली, साचलेल्या डबक्यांत हिवताप माजला आणि लोक नैर्ऋत्येच्या ओल्या प्रदेशाकडे सरकले. मागे राहिलेल्या शेतांवर आणि विहारांवर अरण्य चढले. वन्यजीवनाकडे वळाल तेव्हा हे शेवटचे वाक्य पुन्हा लागणार आहे.

त्यानंतरचा काळ थोडक्यात असा: १५०५ मध्ये पोर्तुगीज आले, १६५८ पर्यंत डचांनी त्यांना घालवले, १७९६ मध्ये इंग्रजांनी किनारा घेतला आणि १८१५ मध्ये डोंगराळ प्रदेशातल्या कँडीचे शेवटचे स्वतंत्र राज्यही त्यांच्याकडे गेले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, तर २२ मे १९७२ रोजी ‘सिलोन’चे ‘श्रीलंका’ झाले. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार तेथे १९३१ मध्येच आला होता, आणि १९६० मध्ये सिरिमावो बंदरनायके यांच्या रूपाने जगातली पहिली महिला पंतप्रधान याच देशाने निवडली.

वाचताना एक सावधगिरी बाळगावी. जुन्या इतिहासाचा मोठा आधार असलेला ‘महावंस’ हा पाली ग्रंथ भिक्खूंनी लिहिलेला आहे. त्यात विहारांना दान देणारा राजा थोर ठरतो. म्हणून त्याच्याबरोबर शिलालेख आणि उत्खननही पाहावे.

चौथी पायरी: पौर्णिमेचे पंचांग

श्रीलंकेचे सांस्कृतिक जीवन पौर्णिमेवर चालते. प्रत्येक पौर्णिमा, म्हणजे ‘पोय’, ही सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि शुभ्र वस्त्रे नेसलेली माणसे दिवसभर विहारात शील पाळत बसलेली दिसतात. मे महिन्यातल्या वेसक पोयेला घरोघरी कागदी कंदील लागतात आणि रस्त्यांवर ‘दन्सल’ उभी राहतात, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही विनामूल्य जेवण दिले जाते. परक्या माणसाने तेथे संकोच करू नये; देणाऱ्यांना त्यात खराच आनंद असतो. जूनमधली पोसोन पोय महिंदांच्या आगमनाची असते आणि तेव्हा मिहिंतले माणसांनी फुलून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीत एसल पेरहॅर निघते. बुद्धांच्या दंतधातूचा, म्हणजे दाताच्या पवित्र अवशेषाचा, करंडक पाठीवर घेतलेला सुळेवाला हत्ती, मशाली आणि ढोलकरी असा हा सोहळा अनेक रात्री चालतो. मुळात या परंपरेचा पावसाच्या प्रार्थनेशी संबंध आहे, हे वाचताना पहिली पायरी आठवेल.

एप्रिलच्या १३-१४ तारखेचे नववर्ष सिंहली आणि तमिळ दोघेही साजरे करतात. जुने वर्ष सरून नवे लागेपर्यंतचा काही तासांचा काळ ‘नोनगतय’ म्हणून ओळखला जातो. त्यात चूलही पेटवत नाहीत आणि कोणते कामही करत नाहीत. मग ठरलेल्या मुहूर्तावर सारा देश एकाच वेळी चूल पेटवतो आणि नारळाच्या दुधातला ‘किरिबत’ शिजतो.

रामकथा ऐकत वाढलेल्या वाचकाला कोलंबोजवळच्या केलनियात एक गोष्ट विशेष भावेल: तेथे बौद्ध विहाराला लागूनच विभीषणाचे देवालय आहे आणि तो रक्षक देवता म्हणून पूजला जातो. विष्णू, सुमन समन देव, कतरगमचा स्कंद आणि पत्तिनी देवी यांचीही स्थाने बौद्ध विहारांच्या आवारात आढळतात. २,२४३ मीटर उंचीच्या श्रीपाद पर्वतावरचे पाऊल बौद्ध बुद्धांचे मानतात, हिंदू शिवाचे, तर मुस्लिम आदमचे. आणि डिसेंबर ते मे या यात्राकाळात सगळे एकाच पायऱ्यांनी रात्री चढतात.

नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर आहेत. विहारात पादत्राणे आणि टोपी काढावी, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेऊ नये. अंगावर बुद्धाचे गोंदण असलेल्या पर्यटकांना परत पाठवल्याच्याही घटना घडल्या आहेत.

पाचवी पायरी: दोन भाषा

सिंहली आणि तमिळ या दोन्ही राजभाषा आहेत. सिंहली ही मराठीसारखीच भारतीय आर्य भाषा असल्याने तिचे दहा-वीस शब्द शिकणे मराठी माणसाला फार सुखद वाटते. महाप्राण उच्चार तिने टाकून दिले, म्हणून भाताचा ‘बत’ झाला. आठाला ‘अट’, दहाला ‘दहय’ म्हणतात. मिठाला ‘लुणु’ म्हणतात, आणि आपल्या लोणच्यातले लवण तेथे असे जिवंत भेटते. ‘आयुबोवन’ या अभिवादनाचा अर्थ दीर्घायुष्य लाभो असा आहे. उत्तरेतल्या जाफना किंवा पूर्वेतल्या बट्टिकलोआकडे, जेथे तमिळ बोलली जाते, मात्र ‘वणक्कम’च म्हणावे. कोणत्या गावी कोणती भाषा बोलायची, याचे भान तेथे केवळ शिष्टाचाराचे नसते, आणि याचे कारण पुढच्या पायरीत आहे.

सहावी पायरी: चहा आणि जखमा

सुंदर चहामळ्यांची छायाचित्रे पाहण्यापूर्वी त्यांचा इतिहास वाचावा. इंग्रजांनी डोंगर उतारांवरचे जंगल तोडून आधी कॉफी लावली. १८६९ पासून पसरलेल्या तांबेरा रोगाने ती संपवली आणि जेम्स टेलरने १८६७ मध्ये लूलकंदुरा येथे सुरू केलेली चहाची लागवड सगळीकडे पसरली. या मळ्यांवर राबण्यासाठी दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांच्या वंशजांना स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या कायद्याने, नागरिकत्व नाकारण्यात आले. १९६४ च्या सिरिमा-शास्त्री कराराने त्यांची दोन देशांत आकड्यांनी वाटणी केली, आणि उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडले. चहाचा प्रत्येक घोट घेताना हे आठवावे असे मी म्हणणार नाही, पण मळा पाहायला जाणाऱ्याने मजुरांच्या रांगेतल्या खोल्याही पाहाव्यात.

१९५६ मध्ये केवळ सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला, १९८१ मध्ये जाफनाचे ग्रंथालय जाळण्यात आले, आणि १९८३ च्या जुलैतील तमिळविरोधी हिंसाचारानंतर सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात पेटलेले युद्ध मे २००९ मध्ये संपले. उत्तरेत आजही आपली माणसे शोधणारी कुटुंबे आहेत. म्हणून या विषयावर नवख्याने मते मांडण्याऐवजी ऐकावे. जाफनाला जाऊन नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव, ताडांची राने आणि पुन्हा उभारलेले ते ग्रंथालय पाहिल्याशिवाय श्रीलंका पाहिली असे समजू नये.

सातवी पायरी: वन्यजीवन

आता अरण्याकडे वळावे, आणि सोडलेल्या शेतांवर अरण्य चढले हे वाक्य बरोबर घ्यावे. याल आणि विल्पत्तू ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने १९३८ मध्ये घोषित झाली. पण त्यांतले रान अनादि काळापासूनचे नाही. यालच्या आत सिथुलपव्व हा प्राचीन विहार आहे, आणि प्राणी जेथे पाण्यावर येतात त्यांतली अनेक तळी एकेकाळच्या शेतकऱ्यांची आहेत. बिबट्या ज्या शिळेवर ऊन खात बसतो, तिच्या आसपास कधीकाळी भिक्खू राहत होते. वाघ आणि सिंह नसल्यामुळे श्रीलंकेतला बिबट्या हाच तेथला सर्वांत मोठा शिकारी असून, त्याची उपजात फक्त याच बेटावर आढळते. यालच्या पहिल्या विभागात तो दिसण्याची शक्यता मोठी असली तरी तेथे जीपगाड्यांची गर्दी फार होते. ज्याला शांतता हवी त्याने विल्पत्तू निवडावे. तेथील ‘विल्लू’ म्हणजे पावसाने भरणारी नैसर्गिक सरोवरे पाहण्यासारखी आहेत. चालकाला वेगाने गाडी हाकण्यासाठी जादा पैसे कधीही देऊ नयेत.

हत्तींसाठी मिन्नेरियाला जावे. २०११ च्या गणनेत देशात ५,८७९ हत्ती नोंदले गेले. नरांमध्ये सुळे असलेले फारच थोडे आढळतात. बिनसुळ्याला ‘अलिया’ आणि सुळेवाल्याला ‘ॲता’ असे स्वतंत्र शब्द आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये महासेनाच्या तळ्याचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते, आणि आसपासच्या रानांतले कळप तेथे जमतात. कधी कधी एकाच संध्याकाळी दोनशे-तीनशे हत्ती दिसतात. तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास राजाने शेतीसाठी बांधलेल्या तळ्यावर आशियातला हत्तींचा असा मेळा भरावा, यात मला या देशाचे सार दिसते. अलीकडे मात्र मोरगहकंद धरणप्रकल्पाचे पाणी उन्हाळ्यातही तळ्यात सोडले जाते, आणि गवताचा काठ पाण्याखाली राहिला की मेळाही विरळ होतो. स्वातंत्र्यानंतर कोरड्या प्रदेशात पुन्हा वसाहती झाल्या, महावेली नदीवरच्या सिंचन प्रकल्पाने शेती वाढवली, आणि हत्तींच्या वाटा तुटल्या. दरवर्षी शंभराहून अधिक माणसे आणि काही शे हत्ती या संघर्षात मरतात. रात्रभर झाडावरच्या माचाणावर बसून भात राखणाऱ्या शेतकऱ्याची बाजू समजून घेतल्याशिवाय हत्तींविषयीचे प्रेम अपुरे राहते.

ओल्या प्रदेशातले सिंहराज हे याच्या उलट, खरोखर जुने वर्षावन आहे. तेथे वन विभागाचा मार्गदर्शक घेऊनच जावे, जळवांसाठी लांब मोजे घालावेत, आणि प्राणी दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नये. एका जागी उभे राहून मिश्र पक्षिथव्याची वाट पाहावी. आधी नारिंगी चोचीच्या सातभाईंचा गलबला ऐकू येतो, त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल येतो, आणि मागोमाग निळा मॅगपाय, कर्णा, सुतार असे एकेक पक्षी प्रकटतात. दहा मिनिटांत सारा थवा निघूनही जातो. सेरेंदिब पिंगळा हा घुबडाचा प्रकार याच ओल्या रानांत दीपल वारकागोड यांनी आधी केवळ आवाजावरून ओळखला, २००१ मध्ये पाहिला, आणि २००४ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. बेडकांच्या शंभराहून अधिक जाती या छोट्या बेटावर असून त्यांतल्या बहुतेक जगात इतरत्र कोठेही नाहीत.

देवमाशांसाठी डिसेंबर ते एप्रिलमध्ये दक्षिण किनाऱ्यावरचे मिरिस्सा आणि मे ते सप्टेंबरमध्ये ईशान्य किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली ही ठिकाणे योग्य आहेत. दोन्हीकडे किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे निळा देवमासा काही तासांच्या सफरीत दिसू शकतो. अंतर राखून चालणारी नाव निवडावी.

आठवी पायरी: प्रत्यक्ष प्रवास

पहिल्या प्रवासासाठी मी जुलै किंवा ऑगस्ट सुचवेन, कारण त्या वेळी कोरड्या प्रदेशात आभाळ मोकळे असते, मिन्नेरियाला हत्ती असतात आणि कँडीत पेरहॅर असते. कोलंबोत न रेंगाळता थेट अनुराधपुर गाठावे आणि तेथे दोन दिवस द्यावेत. तिसऱ्या दिवशी मिहिंतले. तेथील प्राचीन रुग्णालयाच्या अवशेषांत रुग्णाला औषधी तेलात निजवण्याची मनुष्याकृती दगडी द्रोणी आहे. मग कलावॅवच्या बांधावरून औकनच्या उभ्या बुद्धमूर्तीकडे, तेथून सिगिरिया, एक दुपार मिन्नेरियाला, एक दिवस पोलोन्नरुवाला आणि शेवटी कँडी. सिंहराज आणि दक्षिण किनारा दुसऱ्या प्रवासासाठी, जानेवारी ते मार्च या काळासाठी ठेवावा. पुरातत्त्वीय स्थळांची तिकिटे परदेशी पाहुण्यांसाठी वेगळ्या दराची असतात आणि सार्क देशांच्या नागरिकांना त्यात सवलत मिळत आली आहे, म्हणून पारपत्र जवळ बाळगावे. खेड्यांत श्रीलंकन रुपयांची सुटी नोट लागतेच.

पोलोन्नरुवाला गल विहारातली चौदा मीटर लांबीची निजलेली बुद्धमूर्ती दुपारच्या उन्हाआधी पाहून घ्यावी आणि सायंकाळ पराक्रम समुद्राच्या बांधासाठी राखावी. त्या वेळी शाळेतली मुले सायकलींवरून घरी जात असतात, बायका पायऱ्यांवर कपडे धूत असतात, पाणकावळे जाळ्यांच्या खुंटांवर पंख वाळवतात, आणि बाराव्या शतकातल्या त्या तळ्याचे पाणी खालच्या भातशेतांत सोडले जात असते.